रिकाम्या टाकीला चिमूटभर

नाही, नाही, बादली तिथे नको, तिथे मी आत्ताच पुसून घेतलंय — इकडे ठेवा, टाकीच्या खाली. आणि बसा. उभ्या माणसाकडे बघून बोलायचं म्हणजे मान दुखते माझी. कशाला आलात ते माहीत आहे मला, आमच्या भावजयीचा फोन येऊन गेला सकाळी. घर बदलून तीन आठवडे झाले, त्यातला तिचा हा पहिला फोन — ताई, ते माशांच्या दुकानातले गृहस्थ येतील, जुन्या फिल्टरमधला तो काळा स्पंज असेल तर त्यांना द्या, फार उपकार होतील. उपकार. बावीस वर्षं एका घरात काढली आम्ही, एकाच ओट्यावर दोघींची कोपरं लागायची एकमेकींना, तेव्हा हा शब्द कधी निघाला नाही तिच्या तोंडून. आता मी परकी झाले म्हणून निघाला, दुसरं काय.

आणि तुम्ही — ती पाच फुटी टाकी तुम्हीच विकलीत ना त्यांना? हं. मग विकताना जीभ का नाही उचलली? काय सांगितलंत, खरं सांगा — पाणी भरा, बाटलीतलं ते द्रावण ओता आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडा? सांगितलंत. तोंडावर दिसतंय तुमच्या. अहो, दोन फुटांच्या टाकीत नऊ वर्षं राहिलेले गोल्डफिश ते, पाच होते — आणि त्यांना नव्याकोऱ्या पाण्यात सोडायचं, काचेच्या जोडाचा वास अजून गेलेला नाही अशा टाकीत? मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात हागतो, मी स्पष्टच बोलते, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढलीत मी, लोकांच्या नळातनं काय काय येतं ते सांगितलं तर आज जेवणार नाही तुम्ही. त्या घाणीचा होतो अमोनिया, तो विष. मग एक जातीचे जंतू तो खातात, त्याचं दुसरंच काही करून ठेवतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू ते खातात, तेव्हा कुठे पाणी राहण्याजोगं होतं. हे जंतू बसतात स्पंजवर, खड्यांवर, काचेच्या कोपऱ्यात, आणि नीट बसायला त्यांना सहा आठवडे लागतात — दोन दिवस नाही, सहा आठवडे. भावाला मी कागदावर लिहून दिलं होतं, तारखा घालून. तो म्हणाला, ताई, तुझं म्हणजे सगळं प्रयोगशाळेसारखं. माझी चेष्टा करायची त्याला सवयच आहे. मी निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाला, हिनं नोकरीत जंतू मारायचा पगार घेतला आणि घरी येऊन जंतू पाळले, दोन्हीकडून खाल्लं हिनं. सगळे हसले. मीही हसले, तेव्हा हसण्यासारखंच होतं.

काय बघताय टाकीत? नाहीयेत मासे. एकही नाही. दिवा आहे, पंप चालू आहे, पाणी आहे आणि मासे नाहीत — वेड लागलंय म्हातारीला, असंच वाटतंय ना? शेजारीण तोंडावर म्हणालीच. रोज सकाळी साडेसातला मी त्यात चिमूटभर खाणं टाकते. माशांचंच. ते तळाशी जाऊन कुजतं, त्यावर जंतू जगतात. नाहीतर चार दिवसांत उपाशी मरतील. जंतूंनाही खायला लागतं हो, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. कशासाठी जगवलेत? — असू दे. जगवलेत ना? आज तुम्ही बादली घेऊन आलात ना? मग झालं तर.

त्या भोपळ्याचं सांगा आधी. भोपळ्या म्हणजे तो सगळ्यात मोठा, केशरी, पोट सुटलेला. तो आहे का? — तळाशी बसतो. कल्ले लाल झालेत? आणि बाकीचे? — दोनच. म्हणजे दोन गेले. मला एकच गेल्याचं माहीत होतं. दुसरा कधी गेला, परवा? पाणी तपासलंत का तुम्ही, का नुसतेच बघून आलात? — अख्खं बदललं. कितीदा? — एक दिवसाआड अख्खं पाणी. आणि काचा घासून. वा. म्हणजे जरा कुठे जीव धरायला लागले जंतू की तुम्ही ते गटारात सोडणार, वर नळाचं पाणी भरणार, क्लोरिनवालं. भावजयीनं सांगितलं असेल, पाणी दुधासारखं दिसतंय, बदला. तिला पाणी आरशासारखं लागतं. हॉल आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीत बसवलीय म्हणे टाकी, दोन्हीकडनं दिसते. लोक आले की दिसली पाहिजे. आणि तुम्ही बदलत गेलात, कारण गिऱ्हाईक सांगतंय. तुम्हाला काय बोलायचं म्हणा, तुम्ही बोलूनचालून दुकानदार.

तो भोपळ्या आमच्या भाचीनं आणलाय. भावाची मुलगी — आम्ही तिला खारू म्हणतो, लहानपणी सतत काहीतरी कुरतडत असायची, पेन्सिली, खोडरबर, माझ्या चष्म्याची दांडी. पाच वर्षांची होती तेव्हा पिशवीत पाणी घालून हे पाच एवढेसे मासे घेऊन आली, भोपळ्या तेव्हा बोटाच्या पेराएवढा. तिच्या आईनं नाक मुरडलं, बापानं हात झटकले — मला वेळ नाही, तू आणि आत्या काय ते बघा. आम्ही बघितलं. रविवारी सकाळी आम्ही दोघी बाहीला चिमटे लावून बसायचो, ती नळी धरायची, मी बादली. निम्म्याच्या निम्मं पाणी काढायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असायचं, क्लोरिन उडून जायला. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, तोही दोनदाच, हलक्या हातानं. ती म्हणायची, आत्या, किती काळं पाणी निघतंय, अजून धुऊया. मी म्हणायचे, नाही, काळंच राहू दे, हे काळंच काम करतं. सहा वर्षांच्या मुलीला पाठ होतं हे. नळाखाली धरला तर काय होईल, मी विचारायचे. सगळे मरतील, ती म्हणायची, आधी ते आणि मग मासे. आता चौदाची आहे. उंच झालीय माझ्याहून.

पाणी देऊ का तुम्हाला? नको? बरं. त्या खोक्यावर जरा अलीकडे सरकून बसा, पलीकडच्या बाजूला काचेच्या बरण्या आहेत. हो, खोकी माझीच. दोन आहेत. वर काय लिहिलंय ते वाचलंत ना — आत्याची खोली. ते खारूचं अक्षर. तिनंच चिकटपट्टी लावली, तिनंच लिहिलं, जाड पेनानं, खाली बाण काढला, हा भाग वर. नव्या घराच्या नकाशातही तेच लिहिलेलं होतं सुरुवातीला. मी स्वतः बघितलंय, भावानं टेबलावर पसरून दाखवला होता — ही आमची, ही खारूची, ही ताई तुझी, पूर्वेची खिडकी आहे. मी म्हटलं, पूर्वेची कशाला, मला उजाडल्यावर तसाही डोळा लागत नाही. मग तो नकाशा दोनदा बदलला. टाकी भिंतीत गेली तेव्हा बदलला. नंतर कुणी मला दाखवला नाही आणि मीही विचारलं नाही. माझं चुकलं तिथे. पण आपल्या माणसांना काय विचारायचं, माझी खोली आहे ना अजून? जीभ रेटते का हो?

सामान हलवायच्या दिवशी सांगितलं त्यानं. इथेच, स्वयंपाकघरात. मी पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होते, सगळे नीट, एकेक, आणि तो दारात उभा राहून म्हणाला, ताई, मी काय म्हणतो, तू सध्या इथेच राहा. तुला इथली सवय आहे, बाजार जवळ, दवाखाना जवळ, तिकडे सगळं लांब पडेल तुला. सध्या. त्याचा सध्या मला माहीत आहे, आमच्या आईला दवाखान्यातून सध्या मामाकडे ठेवू म्हणाला होता, ती तिथूनच गेली. मी काय म्हणणार? मी म्हटलं, बरं. तो सुटल्यासारखा झाला, अगदी खांदे खाली आले त्याचे, म्हणाला, तू समजूतदार आहेस म्हणून बरं, मला वाटलं वाईट वाटून घेशील. आणि मी पुढचा पेला गुंडाळला. त्यांचेच पेले. त्यांच्या नव्या घरात फुटू नयेत म्हणून दोन दोन कागदांत.

आणि पाच मिनिटांनी भावजय आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, दोन बोटांत धरलेली. म्हणाली, खारू ऐकतच नाहीये, म्हणते आत्याचा स्पंज घेतल्याशिवाय मासे न्यायचे नाहीत, तर द्या बाई तो — पण ताई, जरा स्वच्छ करून द्या हं, नवी टाकी आहे.

काय? — हो. नेला होता एक. दोन होते फिल्टरमध्ये, एक मी दिला, एक ठेवला. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? फिल्टरमध्ये पांढरा स्पंज असेल बघा एक, जुना पण पांढरा, तुमच्या नव्या स्पंजांच्या शेजारी. तोच. जुना आहे तर पांढरा कसा, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही याच धंद्यातले ना?

असे बघू नका माझ्याकडे. तिनं स्वच्छ करून द्या म्हटलं, मी दिला. नळ पूर्ण सोडला, खाली धरला आणि धुतला. पिळला आणि धुतला. एकदा काळं निघालं, मग तपकिरी, मग पिवळट, मग काहीच नाही, निव्वळ पाणी. किती वेळ धुतला असेन — पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर हमाल कपाट उतरवत होते, खारू त्यांच्यामागे ओरडत होती, हळू, हळू. कुणी बघितलं नाही. एकतीस वर्षं त्या नळात किती क्लोरिन घालायचं ते मोजलंय मी, मला सांगताय काय? मला माहीत होतं. धुताना माहीत होतं. पिशवीत घालून गाठ मारून तिच्या हातात दिला तेव्हाही माहीत होतं. ती म्हणाली, अय्या, किती छान निघाला.

मारायचं नव्हतं मला त्यांना. तेवढं लक्षात ठेवा. मारायचं असतं तर हा दुसरा कशाला ठेवला असता, त्याला तीन आठवडे चिमूट चिमूट कशाला घातली असती? मी हिशेब केला होता — तिसऱ्या दिवशी पाणी बिघडेल, चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडतील, खारू रडेल, आणि भाऊ येईल. गाडी घेऊन येईल, म्हणेल, ताई, चल बाई, तुझ्याशिवाय काही चालत नाही आमचं. मग मी स्पंज घेऊन गेले असते, आणि एकदा गेले की — घरात आलेल्या माणसाला कोण परत सोडायला येतं? एवढंच. माझ्यावाचून एक दिवस त्यांचं काहीतरी अडावं, एवढंच हवं होतं मला. बावीस वर्षं कधी काही अडू दिलं नाही ना मी, म्हणून कळलंच नाही त्यांना काय काय आपोआप होत होतं ते. भाचीच्या शाळेचा डबा आपोआप, भावाच्या गोळ्या आपोआप, विजेचं बिल आपोआप.

हे मी तुम्हाला का सांगतेय, कोण तुम्ही माझे? तीन आठवडे कुणी बोलायला नाही म्हणून सुटली जीभ. विसरून जा. तुम्ही स्पंज न्यायला आलाय. काढते मी, बरणी धरा ती. नाही, हात घालू नका, माझे हात स्वच्छ आहेत, साबणाशिवाय धुतलेत. हे बघा. असा काळा पाहिजे. आता टाकीतलंच पाणी, बरणी अर्धी, वर हवा राहू दे, झाकण सैल. तासाभरात पोचलं पाहिजे, उन्हात ठेवू नका. दाबून पिळू नका. खडे घ्या, तेही घ्या, तळाचे सगळे, त्या बादलीत — काही मागे ठेवायचं नाही आता. आणि महिनाभर अख्खं पाणी बदलायचं नाही. चौथा हिस्सा, रोज, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यातून. भावजयीला सांगा, गढूळ दिसेल. दिसू दे म्हणावं.

नाही आला भाऊ. चौथ्या दिवशी बरोबर फोन आला, पण खारूचा. मासे वर येऊन तोंड उघडतायत, आत्या, काय करू? मी सांगू शकले असते. तेव्हाच सांगितलं असतं तर — पाचही होते तेव्हा. मी म्हटलं, बाबाला सांग फोन करायला. ती म्हणाली, बाबा म्हणतो दुकानदाराला विचार. मग मी — मग मला काहीतरी बोलायचं होतं ना, गप्प बसले असते तर तिला कळलं असतं, लहानपणापासून ओळखते ती माझं गप्प बसणं — म्हणून मी विचारलं, खायला किती घालतेस? प्रयोगशाळेत पहिला प्रश्न हाच, पाण्यात काय टाकलंत. तोंडात बसलेला. ती म्हणाली, नेहमीएवढंच. मी म्हटलं, नक्की? बघ हं आठवून. बस्, एवढंच बोलले. मग तिनं फोन ठेवला. त्यानंतर नाही आला.

काय म्हणालात? — परत सांगा. — कोण म्हणतं तसं? ती स्वतः? आत्या म्हणाली म्हणून खाणंच बंद केलंय? किती दिवस? — नाही, मासे उपाशी मरत नाहीत एवढ्यात, ते नाही मी म्हणत, ते बरंच झालं उलट, पाणी कमी बिघडलं. मी म्हणतेय, तिला वाटतं तिनं मारले? दोन मासे तिनं खायला घालून मारले असं वाटतं तिला? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय, इतका वेळ खोक्यावर बसून. — मी बोलू दिलं नाही. खरंय. मी कुणाला बोलू देत नाही, भाऊपण हेच म्हणतो.

कुठे? खाली? कुठे खाली — तुमच्या गाडीत? तुमच्याबरोबर आलीय ती आणि तुम्ही — का नाही आली वर? — आत्या रागावलीय म्हणून. माझे मासे मारलेस म्हणेल म्हणून. माझे मासे म्हणाली ती? तिचे होते ते. पहिल्यापासून तिचेच होते. तिनं पाच वर्षांची असताना आणलेले, मी फक्त बादली धरायचे.

थांबा. जरा थांबा, हात ओले आहेत माझे. मी जे आत्ता बोलले ते — नाही, तुम्ही सांगू नका तिला. सांगू नका असं नाही. तुम्ही सांगायचं नाही, एवढंच म्हणतेय. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती मला कधी विचारणारच नाही, तेवढी हट्टी आहे ती, बापावर गेलीय त्याबाबतीत. आणि नाही सांगितलं तर भोपळ्या जगला काय, मेला काय, ती जन्मभर धरून बसेल. हे माझ्या नाही का हो आधी लक्षात आलं. भाऊ येईल, भावजय येईल, कोण काय म्हणेल, सगळा विचार केला. हिचा नाही केला. माझ्यावर विश्वास ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं त्या घरात, आणि नेमकं तेच.

तुम्ही बरणी घेऊन पुढे व्हा. मासे तुमच्या-माझ्यासाठी थांबणार नाहीत. तिला वर पाठवा, आणि तिची वाट बघत गाडी उभी ठेवू नका, तासाभरात पोचायचं म्हणाले ना मी. तिला न्यायला येईल तिचा बाप. नाहीतर मी बसनं सोडीन, ती माझ्याबरोबर यायला तयार झाली तर. काय झालं म्हणून विचारलं तर आत्यानं बोलावलंय एवढंच सांगा. रागावलीय का विचारलं तर माहीत नाही म्हणा. बरणी आडवी करू नका, सरळ धरा, हं, अशी. लिफ्ट बंदच आहे, तुम्ही चढून आलातच की. तिलाही तीन जिने चढायचेत. तेवढ्यात आधी काय सांगायचं ते ठरवते मी. जा आता.